पात्रतेचें माप

कोणत्याहि स्पर्धेचे नियम दोन प्रकारचे असतात. स्पर्धा सुरू झाल्यावर स्पर्धकांनीं कसें वागावें हें सांगणारे नियम पहिल्या प्रकारचे, आणि स्पर्धेंत मुळीं उतरावें कोणीं हें ठरविणारे नियम दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या प्रकारच्या नियमांची चर्चा पुष्कळ होते; पंचाचा एखादा निर्णय चुकला तर दुसऱ्या दिवशीं गांवभर वाद माजतो. दुसऱ्या प्रकारचे नियम मात्र बहुधा कोणाच्या ध्यानांतहि येत नाहींत. कारण त्यांच्यामुळें ज्यांची हानि होते तीं माणसें प्रेक्षकांना दिसतच नाहींत. दाराबाहेर राहिलेल्याचा पराभव कोणत्याहि निकालपत्रकांत नोंदला जात नाहीं. अशा नियमांच्या बाबतींत न्याय कशास म्हणावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याच्या विवेचनासाठीं आम्हीं मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतींचें उदाहरण निवडलें आहे.

फटफटीचा कर्कश आवाज आणि नीतिशास्त्राची शांत चर्चा यांचा मेळ कसा बसावा, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. परंतु या क्षेत्रांत मनुष्याचें कौशल्य व त्याच्या हातांतील साधन हीं इतकीं एकजीव झालेलीं असतात कीं, विजय स्वाराचा कीं यंत्राचा हें सांगणें अवघड पडतें. जेथें साधनावांचून कौशल्य दाखवितांच येत नाहीं, तेथें प्रवेशाचा प्रश्न फार तीव्र स्वरूपांत उभा राहतो. आणि म्हणूनच विचाराच्या दृष्टीनें हें उदाहरण सोयीचें आहे.

या शर्यतींत आरंभापासून दोन प्रकारचे स्वार आढळतात. एक कारखान्याचा स्वार. मोटारसायकली बनविणारी कंपनी त्याला वेतन देते, आपलें सर्वांत नवें यंत्र त्याच्या हवालीं करते, आणि त्या यंत्राची निगा राखण्यास कारागिरांचा ताफा पुरविते. दुसरा खासगी स्वार. तो आपल्या अगर आपल्या हितचिंतकांच्या पैशानें यंत्र विकत घेतो, रात्रीं स्वतःच्या हातांनीं तें खोलतो व पुन्हां जुळवितो, आणि एका शर्यतीच्या बिदागीवर दुसऱ्या शर्यतीच्या गांवापर्यंतचा प्रवास करतो. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघानें १९४९ सालीं जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती सुरू केल्या. ज्या रांगांतून शर्यत सुटते त्यांना तिकडे ‘ग्रिड’ म्हणतात. पुढें कित्येक वर्षें या रांगांतील बहुतेक जागा खासगी स्वारांनींच भरलेल्या असत. नॉर्टनची ‘मॅन्क्स’, मॅचलेसची ‘जी ५०’, ए. जे. एस. ची ‘७ आर’ हीं ब्रिटिश बनावटीचीं शर्यतीचीं यंत्रें पैसे मोजून कोणासहि विकत घेतां येत. गाडींत यंत्र, हत्यारें व अंथरूण घालून युरोपभर गांवोगांव हिंडणाऱ्या या मंडळींना ‘कॉन्टिनेन्टल सर्कस’ असें नांव पडलें होतें. नांवांत थोडी थट्टा आहे; पण शर्यतींचा सारा संसार या मंडळींच्याच पायांवर उभा होता.

त्यांना केवळ संख्या भरण्यासाठीं आणलेले लोक समजणें चुकीचें ठरेल. १९६८ सालीं ५०० सी. सी. वर्गाच्या दहाच्या दहा शर्यती एम. व्ही. ऑगस्टा कंपनीच्या जाकोमो आगोस्तिनीनें जिंकल्या. त्या वर्षीं अजिंक्यपदाच्या तक्त्यांत दुसरें स्थान पटकावणारा ऑस्ट्रेलियाचा जॅक फिन्डले हा मॅचलेसवर बसणारा खासगी स्वार होता. पुढच्याच वर्षीं युगोस्लाव्हियांतील ओपातिया येथें आगोस्तिनी उतरला नव्हता, आणि त्या दिवशीं गॉडफ्रे नॅशनें जुन्या घडणीच्या मॅन्क्स नॉर्टनवर शर्यत जिंकली. १९८० सालीं तर दक्षिण आफ्रिकेच्या जॉन एकेरोल्ड या खासगी स्वारानें ३५० सी. सी. वर्गाचें जागतिक अजिंक्यपदच मिळविलें. कावासाकीवर बसणाऱ्या आन्टोन मांगशीं वर्षभर चाललेल्या त्याच्या झगड्याचा निकाल न्यूरबुर्गरिंगच्या अखेरच्या शर्यतींत लागला. दार उघडें असलें म्हणजे क्वचित् असेंहि घडतें.

ज्यांच्यावांचून शर्यत भरत नसे त्यांना तेथें मान किती होता, हें मात्र १९५५ सालीं हॉलंडांत घडलेल्या प्रसंगावरून दिसतें. त्या काळीं स्वारानें संयोजकांस पत्र लिहून प्रवेश मागावा, आणि हजेरीची बिदागी संयोजकांनीं ठरवावी, असा परिपाठ होता. ॲसेन येथें ३५० सी. सी. च्या शर्यतींत खासगी स्वारांनीं ही बिदागी अपुरी असल्याबद्दल निषेध केला. ते रांगेंत उभे राहिले, एक फेरी पुरी केली, आणि शर्यत सोडून बाहेर पडले. जिलेरा कंपनीचा जेफ ड्यूक हा त्या वेळचा सर्वांत नामांकित स्वार. कारखान्याच्या वेतनावर असलेल्या ड्यूकला या बिदागीची विवंचना नव्हती. तरीहि त्यानें या मंडळींची बाजू उचलून धरली. महासंघानें त्याला व इतर कित्येक स्वारांना सहा महिन्यांची शर्यतबंदी फर्माविली. लागोपाठ तीन वर्षें ५०० सी. सी. चा अजिंक्यवीर ठरलेल्या ड्यूकला १९५६ च्या मोसमाचा पहिला भाग घरीं बसून काढावा लागला, आणि त्या वर्षीं तें पद जॉन सर्टीसकडे गेलें. ड्यूकच्या या वर्तनाला आम्ही केवळ औदार्य म्हणणार नाहीं. पहिला येण्याला अर्थ प्राप्त होतो तो मागें कोणी तरी मनापासून धांवत असतें म्हणून. हें ज्याला कळलें त्यानें मागच्यांच्या हक्कासाठीं उभें राहणें हें एक प्रकारें स्वतःच्या विजयाचेंच रक्षण होय.

आतां प्रत्यक्ष पात्रतेच्या नियमाकडे वळूं. एका वेळीं किती यंत्रें सोडावयाचीं याला मर्यादा असते. मार्गाची रुंदी आणि पहिलें वळण यांचा विचार करावाच लागतो. यास्तव शर्यतीपूर्वीं सराव व पात्रताफेरी होते आणि प्रत्येकाचा वेळ घड्याळांत टिपला जातो. जागतिक शर्यतींत दीर्घकाळ असा दंडक होता कीं, सर्वांत वेगवान स्वाराला एका फेरीस जितका वेळ लागला त्याच्या १०७ टक्क्यांच्या आंत ज्याची फेरी पुरी होणार नाहीं त्यानें शर्यतींत उतरूं नये. पुढें ही मर्यादा १०५ टक्क्यांवर आणण्यांत आली. आंकडे वरवर पाहतां लहान दिसतात, म्हणून त्यांचा हिशेब मांडून पाहणें बरें. वेगवान स्वाराची फेरी १०० सेकंदांची आणि दुसऱ्याची १०७ सेकंदांची असेल, तर पंधरा फेऱ्या उलटल्या कीं पहिला मागून येऊन दुसऱ्याला एका संपूर्ण फेरीनें गांठतो. दुसऱ्याची फेरी १०५ सेकंदांची असेल तर त्याला गांठण्यास एकवीस फेऱ्या लागतात. शर्यत साधारणपणें वीस ते सत्तावीस फेऱ्यांची असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे नियमाचा हेतु उघड होतो. शर्यत ऐन रंगांत आली असतां वेगवान स्वारांच्या वाटेंत मंद स्वार येऊं नयेत, अशी ही योजना आहे.

हा हेतु आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. ताशीं तीनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें येणाऱ्या यंत्रापुढें दुसरें यंत्र मंद गतीनें वळण घेत असेल, तर दोघांचेहि प्राण संकटांत पडतात. अशा ठिकाणीं ‘सर्वांना संधि द्या’ असें दुरून म्हणणें सोपें आहे. त्या औदार्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते. शिवाय या नियमाचा एक मोठा गुण असा कीं, तो माणसाचें नांव, देश किंवा शिफारसपत्र विचारीत नाहीं. घड्याळ सर्वांसाठीं सारखेंच चालतें. ज्या नियमापुढें राजा आणि रंक एकाच कांट्यानें मोजले जातात, त्याला प्रथमदर्शनीं अन्यायी म्हणतां येणार नाहीं.

परंतु हें माप येतें कोठून, याचा विचार केला म्हणजे अडचण दिसूं लागते. १०५ टक्के हे कशाचे? तर सर्वांत वेगवान स्वाराच्या वेळेचे. आणि तो वेळ केवळ त्या स्वाराच्या कौशल्यानें निपजलेला नसतो. कारखान्यानें ओतलेला पैसा, तज्ज्ञांची बुद्धि, आणि बाजारांत कोणत्याहि किंमतीस न मिळणारें यंत्र यांचा त्यांत मोठा वांटा असतो. कारखान्यांनीं आपलीं यंत्रें एका वर्षांत दोन टक्क्यांनीं अधिक वेगवान केलीं, तर खासगी स्वाराच्या हातून कांहींच न बिघडतां तो अपात्र ठरूं शकतो. म्हणजे घड्याळ निःपक्षपाती असलें तरी मोजपट्टी एका पक्षाच्या हातांत राहते, आणि तो पक्ष तिची लांबी दरसाल बदलूं शकतो.

ॲरिस्टॉटलनें ‘राजनीति’ या ग्रंथांत उत्तम बासरी कोणास द्यावी असा प्रश्न घेऊन त्याचें उत्तर दिलें आहे: जो सर्वांत कुलीन अगर देखणा त्याला देऊं नये, जो उत्तम वाजवितो त्यालाच द्यावी; कारण बासरीचें प्रयोजनच वाजविणें हें आहे. विचार निर्दोष आहे, आणि पात्रताफेरी याच विचारावर उभी आहे. परंतु तो लावूं जातां एक पूर्वप्रश्न उपस्थित होतो. ज्याच्या हातीं चांगली बासरी कधीं आलीच नाहीं, तो उत्तम वाजवितो कीं नाहीं हें ठरवावयाचें कसें? फुटक्या वेळूवर वाजविणाऱ्याचा सूर ऐकून त्याला सभेबाहेर काढणें, आणि ‘आम्ही तर गुणच पाहिला’ असें म्हणणें, हा न्यायाचा आभास होय.

हा प्रश्न काल्पनिक नाहीं. २०११ सालीं मोटोजीपी या सर्वोच्च वर्गांतील स्वारांची संख्या रोडावून सतराच्या आसपास आली. तेव्हां चालकांनीं २०१२ पासून एक नवी सवलत काढली. नेहमींच्या विक्रीच्या मोटारसायकलीच्या एंजिनावर आधारलेलें यंत्र घेऊन खासगी संघांनीं या वर्गांत उतरावें. कारखान्यांच्या यंत्रांना २१ लिटर पेट्रोल, तर यांना २४. त्यांना वर्षाकाठीं सहा एंजिनें, तर यांना बारा. अट एवढीच कीं, शर्यतीनंतर कारखान्याच्या संघानें मागणी केल्यास वीस हजार युरो घेऊन गियरपेटीसह एंजिन त्याला विकलें पाहिजे. म्हणजे सवलतीआड कोणी महागडें एंजिन लपवूं नये. इटलीचा दानिलो पेत्रुच्ची अशाच एका संघांतून त्या वर्षीं या वर्गांत आला. तीन वर्षें तो अशाच दुबळ्या यंत्रांवर बसून रांगेच्या मागल्या भागांत राहिला. निकालपत्रकें वाचणाऱ्यास त्यांत दखल घेण्याजोगें फारसें कांहीं दिसलें नसतें. हाच पेत्रुच्ची २०१९ सालीं डुकाटी कारखान्याच्या यंत्रावर मुजेल्लो येथें इटलीची ग्रां प्री जिंकला. मनुष्य तोच होता. बासरी बदलली होती. सवलत नसती तर या माणसाला त्या वर्गाचा उंबरठा ओलांडतां आला असता कीं नाहीं याची शंकाच आहे.

येथवर आपण घड्याळाच्या नियमाचा विचार केला. परंतु आजच्या शर्यतींत खासगी स्वाराला अडविणारी खरी भिंत घड्याळाची नाहीं. ती कराराची आहे. तिचा इतिहासहि बोधप्रद आहे. १९७९ सालीं केनी रॉबर्ट्स, बॅरी शीन आदि आघाडीच्या स्वारांनीं तुटपुंजीं बक्षिसें व धोक्याचे मार्ग यांना कंटाळून स्वतःची निराळी शर्यतमाला काढण्याचा घाट घातला. ती मालिका प्रत्यक्षांत आली नाहीं, पण त्या धाकानें महासंघाला बक्षिसें वाढवावीं लागलीं. १९८६ सालीं संघांची संघटना स्थापन झाली, १९९२ सालीं व्यापारी हक्क डोर्ना या स्पॅनिश कंपनीकडे गेले. मार्ग सुरक्षित झाले, संघांना निश्चित द्रव्यसाहाय्य मिळूं लागलें. ही सुधारणा खरी आहे, आणि तींत अनेकांचे प्राण वांचले आहेत. परंतु घराची डागडुजी चालू असतां दरवाजाहि अरुंद होत गेला. वर्षभराचा प्रवेश आधींच ठरलेल्या संघांनाच मिळूं लागला. २०२५ च्या मोसमांत मोटोजीपींत अकरा संघ व बावीस नियमित स्वार होते. २०१३ पासून तेथें पात्रताफेरीचे दोन भाग झाले आहेत: सरावांतील पहिले दहा थेट दुसऱ्या भागांत जातात, उरलेल्यांतून दोघे पहिल्या भागांतून वर येतात. योजना मोठी चुरशीची आहे. पण तिनें ठरतें तें रांगेंतील स्थान. रांगेंत कोण असावें हें बहुतांशीं मोसमाआधीं सह्या होतांना ठरून गेलेलें असतें. परीक्षेला ‘प्रवेशपरीक्षा’ हें नांव राहिलें, आणि प्रवेश मात्र परीक्षेच्या आधींच देऊन झाला, असा हा प्रकार आहे.

या ठिकाणीं महाभारतांतील रंगभूमीच्या प्रसंगाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अर्जुनानें करून दाखविलेलीं सारीं अस्त्रकर्में कर्णानें सर्वांदेखत करून दाखविलीं. घड्याळाची परीक्षा तो उतरला होता. द्वंद्वाची वेळ येतांच कृपाचार्यांनीं त्याला कूळ विचारलें. नियमाच्या दृष्टीनें त्यांचें कांहीं चुकलें नसेल; पण त्या एका प्रश्नानें परीक्षेचा विषयच बदलून गेला. दुर्योधनानें तेथल्या तेथें त्याला अंगदेशाचें राज्य दिलें आणि कर्ण पात्र झाला. कथा येथें संपत नाहीं, हें आपण सर्वच जाणतों. ज्या दारानें तो आंत आला त्या दाराच्या मालकाचा तो जन्माचा ऋणी झाला, आणि तें ऋण त्याला कोठें घेऊन गेलें हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. गुणी माणसाला स्वतःच्या गुणावर आंत येतां आलें नाहीं म्हणजे तो कोणाच्या तरी कृपेनें येतो. आणि कृपेनें आलेला मनुष्य स्वतंत्र राहत नाहीं.

आजचे ‘स्वतंत्र’ म्हणविणारे संघ पाहिले म्हणजे या वचनाची प्रचीति येते. त्यांचीं यंत्रें बहुधा कारखान्याकडून कराराने मिळालेलीं असतात. नवा सुटा भाग कोणास आधीं द्यावा, कोणास मागाहून, हें कारखाना ठरवितो. त्यांचा पराक्रम कमी लेखण्याचें कारण नाहीं. २०२३ सालीं ग्रेटर नोएडा येथें भारतांतील पहिली मोटोजीपी शर्यत झाली, ती अशाच एका संघाच्या मार्को बेझेक्कीनें आदल्या वर्षींच्या डुकाटीवर बसून जिंकली. २०२४ सालीं प्रामाक संघाचा होर्खे मार्तिन अजिंक्यवीर ठरला. मोटोजीपी हें नांव रूढ झाल्यापासून स्वतंत्र संघाच्या स्वारानें तें पद मिळविण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु त्याच्याखालीं यंत्र होतें तें कारखान्याच्या स्वारांच्याच तोडीचें. या विजयानें खासगी स्वाराचें दार उघडलें असें म्हणतां येत नाहीं. चांगलें साधन समान मिळालें तर कारखान्याबाहेरचा स्वारहि पहिला येतो, एवढें मात्र त्यानें निर्विवाद सिद्ध केलें.

यावर असा आक्षेप येईल कीं, ही शर्यत म्हणजे एक धंदा आहे. ज्याचें अंगण त्यानें वाटेल त्यास बोलवावें. घरगुती समारंभापुरतें हें म्हणणें ठीक आहे. परंतु जो आपल्या विजेत्याला ‘जगज्जेता’ म्हणवितो त्यानें जगाशीं एक करार केलेला असतो. ‘जगांतील सर्वांत वेगवान’ या शब्दांचा अर्थ ‘आम्हीं बोलाविलेल्यांत सर्वांत वेगवान’ एवढाच उरला, तर तें पद मिळविणाऱ्याचीहि एक प्रकारें फसवणूकच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्रें समान केलीं तर नवीं यंत्रें शोधणाऱ्यांचा उत्साह मावळेल, आणि शर्यतीचा निम्मा रस जाईल. हें आम्हांस पुष्कळ अंशीं पटतें. म्हणून सर्वत्र समता आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. वर चढण्याच्या जिन्यावर कोठें तरी एक पायरी अशी असावी, जेथें केवळ माणूस मोजला जाईल. २०१० सालीं मोटो२ हा वर्ग निघाला तेव्हां सर्वांना होंडाचें एकाच जातीचें ६०० सी. सी. एंजिन देण्यांत आलें, आणि त्या वर्षीं चाळिसांच्या आसपास स्वार रांगेंत उभे राहूं लागले. दार रुंद केल्यानें गर्दी होते, आणि गर्दींतून माणसें सांपडतात, हा अनुभव त्यांत आला.

आयल ऑफ मॅन बेटावरील जुन्या प्रथेंतहि शिकण्याजोगें आहे. तेथील सुमारें साठ किलोमीटरांच्या डोंगरी रस्त्यावर स्वार एकदम न सोडतां दहा-दहा सेकंदांच्या अंतरानें एकेक सोडले जातात. प्रत्येकाची झुंज मुख्यतः घड्याळाशीं असते, आणि म्हणून तेथें निरनिराळ्या ऐपतीच्या स्वारांना जागा मिळते. त्याच रस्त्यावर हौशी स्वारांसाठीं १९२३ पासून निराळी शर्यत आहे. १९३० पासून ती मॅन्क्स ग्रां प्री म्हणून ओळखली जाते. तो रस्ता किती प्राणघातक आहे हें जगजाहीर आहे, आणि त्याचें अनुकरण करावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मोठ्या दाराशेजारीं लहान दार ठेवावें, आणि लहान दारांतून येणाऱ्यास मोठ्या दाराची वाट दाखवावी, ही त्यामागची दृष्टि अनुकरणीय आहे.

या सर्व विवेचनावरून आम्हांस जें वाटतें तें थोडक्यांत असें. पात्रतेची कसोटी असावी, आणि ती कडकहि असावी. जेथें प्राणांशीं गांठ आहे तेथें ढिलाई ही दया ठरत नाहीं. मात्र ती कसोटी माणसानें मार्गावर काय केलें याची असावी, तो कोणाचा आहे याची नसावी. आणि ज्याच्या हातीं माप ठरविण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर त्या मापापर्यंत पोंचण्याचीं साधनें योग्य किंमतीस मिळूं देण्याचें कर्तव्यहि आहे. अधिकार घेऊन हें कर्तव्य नाकारणारा नियम कितीहि काटेकोर असला तरी तो न्याय्य होत नाहीं.

हा प्रश्न मोटारसायकलींपुरता असता तर आम्हीं वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. महाविद्यालयाचा प्रवेश, नोकरीची परीक्षा, संगीतसभेंतील बैठक, सर्वत्र आपण गुणाचें माप लावतों, आणि तें लावलें कीं आपलें काम संपलें असें समजतों. पुढल्या वेळीं कोणी मापांत उतरला नाहीं असें ऐकूं आलें, तर त्याच्या हातीं साधन कोणतें होतें एवढी चौकशी आपण करावी. उत्तर ऐकून निकाल बदलावाच लागेल असें नाहीं. पण निकाल देणाऱ्याची मान थोडी खालीं झुकेल, आणि न्यायबुद्धीला तेवढी नम्रता अपायकारक होणार नाहीं.